बिनक्लचच्या गाडीची पुली

रविवारी सकाळी बिभीषणरावांनी वहीचं एक पान फाडलं, त्यावर 'काम : पुली बदलणे. सुरू : ९.००. समाप्त : ११.००' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं, ते पान गाडीच्या वायपरखाली खोचलं आणि मगच शर्टाच्या बाह्या वर सारल्या. सहकारी साखर कारखान्यात चोवीस वर्षं टाइमकीपर म्हणून काढलेल्या माणसाला वेळ लिहिल्याशिवाय कामाला हात घालवत नाही. कारखाना दुष्काळामुळं बंद होता. ऊसच नाही तर गाळणार काय? पण सवय काही बंद होत नाही.

तर ही पुली. इंजिनाच्या पोटात जो मुख्य दांडा फिरतो त्याच्या टोकाला एक जाड चकती असते, तिच्यावर पट्टा असतो आणि त्या पट्ट्यावर बॅटरीपासून सगळ्यांचं पोट चालतं. या चकतीतलं रबर उन्हानं झिजून गेलं होतं. गाडी चालू केली की चकती डुलायची आणि पट्टा असा किंचाळायचा की समोरच्या लिंबावरचे कावळे जागा बदलायचे. पट्टा तुटला की गाडी वाटेतच बसणार, हे उघड होतं. बीडच्या मेकॅनिकनं फोनवर एवढंच विचारलं, "ऑटोमॅटिक हाय का? मग औरंगाबादला न्या." आणि फोन ठेवला. हे बोलणं बिभीषणरावांना लागलं. त्यांनी नवी पुली एसटीच्या पार्सलनं मागवली आणि घरात जाहीर केलं, "एक बोल्ट, एक पट्टा. दोन तासांचं काम. मी करतो."

"तुमी?" सरस्वतीबाई म्हणाल्या.

आता या 'तुमी'त काही वाईट नव्हतं, पण चांगलंही नव्हतं. गाडी सरस्वतीबाईंची होती. पुण्याच्या भावाकडून जुनी घेतलेली, क्लच नसलेली. शेचाळिसाव्या वर्षी त्या ती चालवायला शिकल्या आणि आता महिला दूध संस्थेच्या अध्यक्षा म्हणून वाड्या-वस्त्यांवर एकट्या फिरत होत्या. बिभीषणराव शेजारच्या सीटवर बसून किती वाजले ते सांगत.

आणि गाडी गुरुवारी लागणारच होती. दुष्काळात दूध आटलं, तेव्हा सहकार खात्याकडून संस्थेला नोटीस आली होती : संस्था का मोडू नये ते गुरुवारी अकरा वाजता बीडच्या कार्यालयात, अध्यक्ष आणि किमान पाच संचालकांनी समक्ष येऊन सांगावं. कोणी आलं नाही तर संस्था मोडलीच म्हणून समजावं. पाचही संचालक बाया आपापली जनावरं घेऊन चारा छावणीत होत्या आणि सकाळी आठची हजेरी झाल्याशिवाय त्यांना छावणी सोडता येत नव्हती. सातची एसटी निघून जायची, दुसरी थेट साडेदहाला. गावातल्या तिन्ही जीपा त्या दिवशी लग्नाच्या वऱ्हाडांनी आधीच ठरवल्या होत्या. लोकांना लग्नं करायला दुष्काळ आडवा येत नाही, हे एक बरंच आहे म्हणायचं.

म्हणजे उरली ही गाडी. आणि गाडीला उरले बिभीषणराव.

जॅक लावला, पुढचं उजवं चाक काढलं, आतलं प्लॅस्टिक काढलं, इथपर्यंत पावणेदहा वाजले. बिभीषणरावांनी घड्याळाकडं समाधानानं पाहिलं. चोवीस वर्षांत त्यांनी शेकडो फिटरांना कामावर येताना आणि जाताना पाहिलं होतं. मधल्या वेळात ते नेमकं काय करतात ते पाहायचा योग आला नव्हता, पण त्यात फार काही नसावं असा त्यांचा अंदाज होता. त्यांनी बोल्टला पाना लावला आणि जोर दिला. बोल्ट फिरला. बोल्टाबरोबर पुली फिरली, पुलीबरोबर इंजिन फिरलं आणि सगळं मिळून पुन्हा होतं तसं झालं.

"आवो, ते इंजिन धरून ठेवाया लागतंय," कुंपणापलीकडून आवाज आला. हे धोंडीराम. शेजारी, ट्रॅक्टरचे मालक आणि कोणाचंही काम चालू असलं की स्वतःचं सोडून येणारे. "टॉप गिअर टाका, एकानं ब्रेक दाबून बसा. चाक अडलं की इंजिन अडतंय. मी ट्रॅक्टरचं असंच खोलतो."

ते आत बसले आणि गिअरकडं बघतच राहिले. तिथं पी, आर, एन, डी असलं काहीबाही लिहिलं होतं. "यात टॉप कंचा हो?"

"डी," सरस्वतीबाई ओट्यावरून म्हणाल्या.

धोंडीरामांनी डी टाकला, ब्रेकवर दोन्ही पाय दिले. बिभीषणरावांनी पाना ओढला. इंजिन फिरलं. दोघांनी ठरवलं की पाना आखूड पडतोय.

सोमवारी बिभीषणराव लांब दांड्याचा पाना आणायला कारखान्यात गेले. स्टोअरकीपर उत्तरेश्वर कुलपाशेजारी खुर्ची टाकून बसला होता. कारखान्यात माणसं नव्हती, यंत्रं बंद होती, साखर नव्हती, पण स्टोअर नियमाप्रमाणं साडेनऊला उघडत होतं.

"मागणी चिठ्ठी?" उत्तरेश्वर म्हणाला.

बिभीषणरावांनी चिठ्ठी दिली. उत्तरेश्वरनं ती दोनदा वाचली. "साहेब, टाइम ऑफिसला पाना मंजूर न्हाई. तुमच्या खात्याला रजिस्टर, पेन्सिल आन् शिक्क्याची शाई."

"मी घरच्या कामासाठी मागतोय."

"मग तर बिलकूल न्हाई. गेटपास लागंल. गेटपासवर खातेप्रमुखाची सही लागंल. खातेप्रमुख गेले सोडून. आता प्रशासक साहेब हायत, ते मंगळवार सोडून कवा तरी येतात." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "आन् हा गेटपासचा नियम तुमीच केलता. दोन हजार नऊला. हे बघा, तुमचीच सही."

सही होती. सुवाच्य होती. बिभीषणराव तिच्याकडं थोडा वेळ बघत उभे राहिले, मग शाईसुद्धा न घेता परत आले.

मंगळवारी धोंडीरामांनीच तोड काढली. त्यांच्या शेतातली बोअर कोरडी पडून वर्ष झालं होतं, तिचे लोखंडी पाइप घरामागं पडले होते. त्यातला सहा फुटी पाइप पान्याच्या दांड्यावर चढवला. हे बघायला बंकटराव आले. बंकटराव म्हणजे एकतीस वर्षं एसटी चालवून रिटायर झालेले. गाडीच्या बाबतीत गावात त्यांचा शब्द शेवटचा समजला जाई. हे मुख्यतः तेच समजत.

"ओढा," बंकटराव म्हणाले.

बिभीषणरावांनी पाइप ओढला. तो डौलात खाली आला. पुन्हा लावला, पुन्हा आला. "सुटला!" बंकटराव ओरडले. "आता थांबू नका. एक... दोन..." बंकटरावांनी बारा आटे मोजले. बिभीषणरावांच्या अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या, पण तोंडावर असा आनंद होता की धोंडीरामांनी पळत जाऊन अर्धा किलो शेव आणली. शेव खाल्ली, चहा झाला. बंकटरावांनी बिभीषणरावांच्या पाठीवर थाप मारून, "तुमचा हात फिटरचा हाय, उगं पेन्सिल धरली," असं म्हटलं. बिभीषणरावांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. चोवीस वर्षांत त्यांना असं कोणी म्हटलं नव्हतं.

सरस्वतीबाई चहाचे कप उचलता उचलता वाकल्या आणि आत बघत म्हणाल्या, "बारा आटे सुटलाय, मग भाईर कावून यीना?"

सगळे वाकले. बोल्ट होता तिथंच, तसाच, पुलीला गच्च चिकटून होता. सुटलं काहीच नव्हतं. त्यांनी इंजिन बारा वेळा हातानं फिरवलं होतं, बस्स.

पण माणसं हटणारी नव्हती. बंकटरावांनी निदान केलं : गाडी हलकी आहे, म्हणून अडत नाही. एसटीला वजन असतं. झालं, वजन भरायचं ठरलं. जॅक काढून गाडी बाभळीच्या ओंडक्यावर टेकवली, आत पेंडीची चार पोती टाकली. धोंडीराम ब्रेकवर, बाकी रिकाम्या जागी पाराकडून बोलावलेले तिघं. एकाला लाज वाटली तर दुसऱ्यानं त्याला आत ओढलं. मागून उसाच्या गाडीचा साखळदंड लावून गाडी लिंबाला बांधली. एवढा बंदोबस्त केल्यावर बिभीषणरावांनी पाइप ओढला. इंजिन फिरलं. ओंडका मात्र 'कर्र' करून सरकला, गाडीनं नाक टेकलं आणि पुढच्या पत्र्याला पोचा आला.

आतली माणसं एकेक करून उतरली.

"मी एक सांगू?" सरस्वतीबाई म्हणाल्या. "मी बीडात सिग्नलला उभी राहते तवा गिअर डीतच असतो. ब्रेक दाबलेला असतो, चाक जाग्यावर उभं असतं. पण इंजिन चालूच असतंय की. मग ब्रेक दाबल्यानं इंजिन अडंल कसं?"

बंकटरावांनी मोठ्या समजूतदारपणे मान हलवली. "वहिनी, चालवणं येगळं आन् खोलणं येगळं."

"बरोबर," बिभीषणराव म्हणाले. का म्हणाले ते त्यांना पुढं बरेच दिवस कळलं नाही.

संध्याकाळी सरस्वतीबाई नोटीस मांडीवर घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. भांडायच्या मूडमध्ये असत्या तर बिभीषणरावांना बरं वाटलं असतं. त्या नुसत्या बसल्या होत्या.

"आवो, एकशेबारा बाया हायत संस्थेत," त्या हळूच म्हणाल्या. "दारोदार फिरून एकेकीला सभासद केलंय मी. या साली दूध न्हाई, पुढल्या साली येईल. पण संस्थाच मोडली तर पुढलं साल आमच्या काय कामाचं? मला भ्याव वाटतंय."

बिभीषणरावांना या बाईनं 'भ्याव वाटतंय' असं म्हटलेलं आठवत नव्हतं. आपण बेकार आहोत, आपला कारखाना बंद आहे, हे त्यांनी तोंड मिटून सोसलं होतं. पण आपल्या बढाईपायी हिची संस्था मोडायची, हे काही त्यांना सोसवेना. रात्रभर ते कुशी बदलत राहिले.

बुधवारी सकाळी पाहतात तो शेजारची शेळी वायपरखालचं पान खात होती. 'समाप्त : ११.००' एवढंच तिच्या तोंडाबाहेर उरलं होतं. चाऱ्याचा दुष्काळ, तिला तरी काय बोलणार? बिभीषणरावांनी पायात चपला घातल्या आणि तडक छावणी गाठली.

छावणीत कारखान्याचा खरा फिटर होता, म्हाळू. दोन म्हशी आणि एक वासरू घेऊन तीन महिने पाचटाच्या खोपीत राहत होता. त्याच्याकडं जायचं बिभीषणरावांनी तीन दिवस टाळलं होतं, त्याला कारण होतं.

"या साहेब," म्हाळू म्हणाला. "वळखलं का? सात मिनटं उशिराला अर्धा रोज कापलता माजा. दिवाळीच्या तोंडाला."

"नियम होता म्हाळू."

"व्हता की. बसा. सात मिनटं बसा, मग बोलू."

आणि त्यानं खरंच फोनमध्ये वेळ लावली. बिभीषणराव पेंडीच्या रिकाम्या पोत्यावर बसले. शेजारपाजारचे लोक बघायला लागले. म्हैस बघत होती. सात मिनिटं किती लांब असतात हे माणसाला टाइम ऑफिसच्या खिडकीतून कधीच कळत नाही. फोन वाजला तेव्हा म्हाळू हसला, तंबाखू मळत जवळ येऊन बसला आणि म्हणाला, "हं. सांगा आता."

बिभीषणरावांनी सगळं सांगितलं. पोती, साखळदंड, बारा आटे, काही लपवलं नाही. शेवटी सरस्वतीबाई काय म्हणाल्या तेही सांगितलं.

"मग वहिनीला कळलंय की सगळं," म्हाळू म्हणाला. "तुमी हितवर कावून आलाव? क्लचच्या गाडीत इंजिन आन् चाक एकमेकाला पक्कं धरतंय. या गाडीत मधी तेल फिरतंय. कितीबी ब्रेक मारा, तेल सरकतंच. गावातले समदे लोक आत बसवले तरी बी सरकंल."

"मग करायचं काय?"

"इंजिनालाच धरायचं. स्पार्क प्लग काढा, त्या भोकातून मऊ सुताची दोरी आत सोडा, शेपूट भाईर ठेवा. पिस्टन वर आला की दोरीवर दबून बसतोय. मऊ असल्यानं इंजिनाला इजा न्हाई. मग खुशाल ओढा पाइप. नायलॉन नगं बरं का, नायलॉन घसरतं."

आता गावात सुताची दोरी शोधायची म्हणजे आली का पंचाईत! सगळ्यांकडं नायलॉन. शेवटी म्हाळूनंच वासराच्या गळ्यातलं दावं सोडलं. जुनं, मऊ, करंगळीएवढं जाड. "पर वासराला काय बांधू?" तो म्हणाला आणि बिभीषणरावांच्या कमरेकडं बघितलं.

बिभीषणरावांनी पट्टा काढून दिला. दीड किलोमीटर ते एका हातानं विजार आणि दुसऱ्या हातानं दावं धरून चालत आले. वाटेत दोघांनी राम राम घातला. त्यांना हात जोडता आले नाहीत. मान हलवून वेळ मारून नेली.

घरी आल्यावर त्यांनी दावं सरस्वतीबाईंपुढं ठेवलं. "तुझं बरोबर होतं," ते म्हणाले. "मी ऐकलं न्हाई. दावं धुवाया पाणी पाहिजे."

टँकर एक दिवसाआड येत होता. सरस्वतीबाईंनी रांजणात वाकून पाहिलं, मग दावं स्वतः घेतलं आणि दोन तांब्यांत असं धुतलं की शेणाचा वास उरला नाही. धोंडीरामांच्या मोटारसायकलचा प्लगपाना आणला. प्लग निघाला. बिभीषणरावांनी दोरी इंचाइंचानं आत सोडली, सरस्वतीबाईंनी शेपूट हातात धरलं. पाइप लावून हळूच दाबला. इंजिन थोडं फिरलं, आत काहीतरी मऊ दबलं आणि थांबलं.

ठाम थांबलं.

"आगं, धरलं," बिभीषणराव कुजबुजले, जसं काही मोठ्यानं बोललं तर सुटून जाईल.

"मग ओढा की!"

त्यांनी ओढलं. पाय गाडीला लावून ओढलं. मग पाइपाच्या टोकावर सगळं अंग टाकलं. 'कड्' असा मोठा आवाज झाला आणि बिभीषणराव उताणे पडले.

"तुमचं मोडलं का बोल्टचं?" सरस्वतीबाई ओरडल्या.

"बघ तू," बिभीषणराव आभाळाकडं बघत म्हणाले. "मला कळंना."

सरस्वतीबाईंनी हात घालून बघितलं. बोल्ट बोटानं फिरत होता. त्या मटकन खाली बसल्या आणि आधी हसल्या, मग पदर डोळ्यांना लावला. दिवे लागायच्या आत जुनी पुली निघाली, नवी बसली. बंकटराव येऊन पाहून गेले. जाताना म्हणाले, "काल आपण बारा आटे ढिले केलते, म्हणून आज सुटला."

गुरुवारी सकाळी दोरी पुन्हा आत गेली, बोल्ट उलट्या जोरानं आवळला, दोरी काढली, पट्टा चढवला. आठ वाजून पंचवीस मिनिटांनी सरस्वतीबाईंनी किल्ली फिरवली. इंजिन चालू झालं. पट्टा ओरडला नाही. कावळे लिंबावर बसले ते बसूनच राहिले.

बिभीषणराव हात धुऊन, इस्त्रीचा शर्ट घालून, आपल्या नेहमीच्या सीटवर बसून छावणीपर्यंत गेले. तिथं पाच संचालक बाया नेसून-सवरून उभ्या होत्या. त्यात छबुबाई एकट्याच दीड माणसाच्या. चार जणी कशाबशा मागं कोंबल्या. पुढची सीट राहिली एक, आणि छबुबाई सीटकडं बघत होत्या.

"भाऊ, उतरता ना?" त्या म्हणाल्या. "आन् आमची जनावरं संध्याकाळच्या हजेरीला कोन धरणार? मानूस नसलं तर चारा बंद व्हतोय."

चार दिवस ज्या गाडीखाली झोपून काढले ती गाडी धुरळा उडवत गेली, आणि बिभीषणराव सात म्हशी आणि दोन गायींचे कासरे धरून उभे राहिले. इस्त्रीच्या शर्टाची एक बाही पहिल्या दहा मिनिटांतच म्हशीनं चाटली. त्यांना राग आला नाही. त्यांचं सगळं लक्ष अकराकडं होतं. अकरा वाजले. बारा वाजले. एक वाजला. रस्त्यात गाडी बंद पडली असेल, पुली निसटली असेल, बोल्ट कमी आवळला का आपण, असं करत करत त्यांनी मनात गाडी चौदा वेळा खोलली आणि बसवली.

अडीचला फोन आला.

"झालं," सरस्वतीबाई म्हणाल्या. "सायबानं लिवून दिलं. संस्था राहिली. पावसाळा हून जाईस्तवर मुदत दिली."

बिभीषणराव म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मग त्यांनी विचारलं, "गाडीनं आवाज केला का?"

"कसलाच न्हाई. लई ग्वाड चालली बघा." मागून छबुबाईंचा आवाज आला, "मिस्तरीला म्हणावं चढावर सुदिक दमली न्हाई!" आणि सगळ्या बाया हसल्या.

पाच वाजून गेल्यावर छावणीचा कारकून रजिस्टर घेऊन आला. जनावरांचे कानातले बिल्ले तपासले, पाच मालकिणींची नावं वाचली आणि मान वर केली. "या समद्या कुठंत?"

"बीडला गेल्यात. काम होतं. मी आहे."

"तुमी यांचे कोन? इथं रकाना हाय. नवरा, भाऊ, पोरगा, काय लिवू?"

बिभीषणरावांनी रकाना बघितला. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या नावापुढं असले रकाने भरले होते. नखांत अजून काळं तेल होतं, चार दिवस घासूनही निघालं नव्हतं.

"मिस्तरी," ते म्हणाले.

"म्हशींना मिस्तरी लागतो व्हय?"

"दूध संस्थेचा मिस्तरी," बिभीषणराव म्हणाले. "स्वच्छ अक्षरात लिहा. आन् हजेरीची वेळ पाचची आहे, तुम्ही पाच वाजून सात मिनिटांनी आलाय, तेही लिहा."